चपलेची काळजी नंतर करा

चिंगी नावाच्या कुत्रीने पहिल्या काही महिन्यांत आमच्या घरात जे कुरतडलं त्याची यादी लांब आहे. सासऱ्यांची कोल्हापुरी, सोफ्याच्या हाताचा कोपरा, जेवणाचा एक पाट, टीव्हीचा रिमोट, पायपुसणी तर किती गेली. पण यातल्या कशानेच तिला अपाय झाला नाही. तिला ऑपरेशनच्या टेबलावर नेलं ते मक्याच्या बुरकुंडाने, आणि ते पळवल्याचं कुणाला वाईटसुद्धा वाटलं नव्हतं, कारण ते कचऱ्यातलं होतं. पिल्लू घरी आलं की सगळ्यांचं लक्ष वस्तूंच्या नुकसानीकडे जातं. त्याच्या पोटात काय जातंय हा प्रश्न मात्र मागे पडतो. तो आधी विचारला जावा म्हणून हे लिहिते आहे.

चिंगी गावठी, आमच्या सांगलीतल्या गल्लीतच जन्मलेली. उन्हाळ्याच्या शेवटी घरात आली आणि पावसाळा सुरू झाला तेव्हा चारेक महिन्यांची असेल. पहिल्या पावसात भाजलेली कणसं घरी आली, खाऊन झाली, बुरकुंडं बादलीत गेली. त्यातलं एक तिने ओढून काढलं. कुणीतरी ओरडत तिच्या मागे धावलं, आणि ती पलंगाखाली शिरून जे तोंडात होतं ते गिळून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी उलटी झाली. पिल्लं अधूनमधून ओकतात, म्हणून दुपारपर्यंत वाट पाहिली. संध्याकाळी पाणीही पोटात ठरेना. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर उचललेल्या अवस्थेत ती नुसती उभी राहायची. पोट दुखणारी कुत्री अशी उभी राहतात, हे नंतर कळलं.

डॉक्टरांनी पोट चाचपलं, एक्स-रे काढला. बुरकुंड हाडासारखं किंवा नाण्यासारखं एक्स-रेत ठळक उमटत नाही. दिसली ती हवेने फुगलेली आतडी. सोनोग्राफीने अडथळ्याची जागा सापडली. आतडं उघडून अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा काढावा लागला. चिंगी वाचली, कारण त्या जागचं आतडं अजून काळं पडलं नव्हतं. अडकलेल्या वस्तूच्या दाबाने रक्तपुरवठा तुटला की आतड्याचा तेवढा भाग मरतो, आणि तिथे भोक पडलं तर सगळ्या पोटात विष पसरतं.

मक्याचं बुरकुंड कुत्र्याला पचत नाही. जठरातून ते कसंबसं पुढे सरकतं आणि लहान आतड्यात रुतून बसतं. आंब्याची कोयही तशीच. मोजे, बाटलीची बुचं, रबरी चेंडूचे तुकडे हेही त्याच यादीत येतात. दोरा आणखी वाईट. शिवणाचा दोरा, मांजा, ओढणीची झालर, मोज्याची उसवलेली लोकर यांचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकतं आणि उरलेला दोरा आतड्यात ओढला जातो. नाडी ओढल्यावर परकर चुणतो तसं आतडं त्या दोऱ्यावर चुणत जातं आणि दोरा त्याला कापत राहतो. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढायचा नाही. तसंच पिल्लू घेऊन डॉक्टरांकडे जायचं.

पिल्लू इतकं चावतं का, हे समजलं की अर्धा राग निवतो. कुत्र्याला दुधाचे अठ्ठावीस दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्या जागी बेचाळीस पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, दुखतात, कधी खेळण्यावर रक्ताचा डाग दिसतो. शिवाय त्याला हात नाहीत. जग हाताळून पाहायचं तर तोंडानेच. कातड्याची चप्पल त्याला का आवडते तेही उघड आहे. मूळ जनावराचं कातडं, त्यात घरातल्या माणसाच्या पायाचा वास. त्या वासात पिल्लाला माणूस भेटतो. आणि दात आल्यावर सगळं थांबेल असं धरून चालू नका. पक्के दात हिरडीत घट्ट बसेपर्यंत, म्हणजे वर्षाचं होईपर्यंत, कुरतडण्याची दुसरी लाट येते, आणि तेव्हा जबड्यात जोरही असतो.

मारू नका, हे मी कळकळीने सांगते. संध्याकाळी घरी आल्यावर फाटलेली उशी नाकासमोर धरून पिल्लाला रट्टे देणारी माणसं मी पाहिली आहेत. ‘बघा, कसं मान खाली घालतंय, त्याला कळलंय,’ असं ती म्हणतात. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेने 2009 मध्ये नेमकं हेच तपासलं. कुत्र्याचा तो ‘अपराधी’ चेहरा त्याने खरंच काही केलं होतं की नाही यावर ठरत नव्हता, मालक रागावला की नाही यावर ठरत होता. म्हणजे मान खाली जाते ती भीतीने. दुपारच्या उशीचा आणि संध्याकाळच्या माराचा संबंध त्याला लागत नाही. त्याला एवढंच कळतं की तोंडात काही असताना माणूस जवळ आला तर ते चटकन गिळावं किंवा घेऊन पळावं. चिंगीचं बुरकुंड पोटात गेलं ते त्या धावपळीतच, याची मला खात्री आहे.

म्हणून हिसकावण्याऐवजी अदलाबदल शिकवा. पिल्लाच्या तोंडात खेळणं असताना शांतपणे ‘दे’ म्हणायचं आणि नाकाशी पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा धरायचा. तोंड उघडलं की तुकडा द्यायचा आणि शक्य तेव्हा खेळणंही परत द्यायचं. परत देणं फार महत्त्वाचं; सोडलं तरी आपलं जात नाही हा विश्वास त्यातूनच येतो. रोज, निरुपद्रवी वस्तूंवर हा सराव हवा, म्हणजे गोळ्यांची स्ट्रिप तोंडात असेल त्या दिवशी तो उपयोगी पडतो. आमच्या घरी हे सगळ्यांत छान सासूबाईंना जमलं, कारण त्या कधी घाई करत नाहीत.

चावायला काय द्यावं? सुती फडका ओला करून, पिळा घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गार फडक्याने हिरड्यांना बरं वाटतं. मात्र धागे सुटू लागले की फेकून द्यायचा. जाडजूड थंड गाजर चालतं, तेही आपण समोर बसलेलो असताना. पोकळ रबरी खेळण्यात बिनमिठाचा दहीभात भरून गोठवला तर पिल्लू बराच वेळ त्यात रमतं. खेळणं त्याच्या तोंडात पूर्ण मावणार नाही एवढं मोठं हवं आणि नखाने दाबल्यावर किंचित दबेल इतकं मऊ. त्याहून कठीण वस्तूने दात तुटतात. रविवारच्या मटणातली हाडं देऊ नका. शिजलेल्या हाडांच्या चिरफळ्या होतात, आणि नळीच्या हाडाची चकती खालच्या जबड्यात अशी अडकते की कापून काढावी लागते. दुकानात मिळणाऱ्या कातड्याच्या कांड्याही मी घेत नाही. भिजून मऊ झाल्या की त्यांचे मोठे तुकडे गिळले जातात. जुनी चप्पल खेळायला देणं तर टाळाच, जुनी कुठली आणि नवी कुठली हे पिल्लाला कुणी सांगायचं? वस्तूंना मिरचीचं पाणी लावायचा सल्लाही सर्रास मिळतो. त्याने डोळे आणि नाक पोळतं. तो क्रूरपणा आहे.

आता घर. जमिनीवर बसून, पिल्लाच्या उंचीवरून खोली पाहा. चार्जर आणि कूलरच्या वायरी आधी नजरेस पडतील. वायर चावून शॉक बसला तर आधी बटण किंवा मेन स्विच बंद करायचा, मगच पिल्लाला हात लावायचा. ते ठीक दिसलं तरी डॉक्टरांकडे न्यायचं, कारण फुफ्फुसात पाणी काही तासांनीही भरू शकतं. कपाटातल्या आणि बेसिनमधल्या डांबरगोळ्या, उंदराचं औषध, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, साखरविरहित च्युइंगममधलं झायलिटॉल हे सगळं विषच. उंदराच्या औषधाचा दगा असा की बऱ्याच प्रकारांत दोन-तीन दिवस काहीच दिसत नाही आणि मग रक्तस्राव सुरू होतो. अंगणातली कण्हेर हृदयावर परिणाम करते. चॉकलेट धोक्याचं हे आता बहुतेकांना ठाऊक असतं, बेदाण्याचं मात्र नसतं. आमच्या भागात बेदाणा घराघरांत, प्रसादाच्या शिऱ्यात तर असायचाच. द्राक्षं आणि बेदाण्यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात, आणि किती खाल्ल्याने कुणाला बाधेल हे आधी सांगता येत नाही. तेव्हा प्रसाद म्हणूनसुद्धा नको.

विषारी काही गेल्याचा संशय आला तर वेष्टन सोबत घ्या, किती वाजता आणि साधारण किती गेलं ते सांगा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका; मिठानेच जिवावर बेतू शकतं. ॲसिड किंवा फिनाइलसारखं पोटात गेलं असेल तर उलटीने अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. उलटी करवायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. रात्री उघडं असणारं जवळचं ठिकाण कोणतं, याची चौकशी पिल्लू आणायच्या आधीच करून ठेवा. लहान गावांत तर ती हवीच.

थकलेलं पिल्लूही जास्त चावतं. या वयात दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते. संध्याकाळी ते सैरावैरा धावून पायांना चावू लागलं की खेळवण्याऐवजी अंधाऱ्या शांत कोपऱ्यात नेऊन निजवून पाहा. आणि चावताना दात हाताला लागून रक्त आलं, तर आपलंच पिल्लू म्हणून सोडून देऊ नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि आपल्या डॉक्टरांना दाखवा. रेबीजच्या बाबतीत आपल्या देशात ही सूट घेता येत नाही.

एवढं करूनही काही गोष्टी दातांशी संबंधित नसतात. पिल्लू फक्त एकटं असताना, फक्त दाराची चौकट किंवा खिडकीची कड ओरबाडत असेल, सोबत रडत आणि लाळ गाळत असेल, तर ती एकटेपणाची भीती आहे. तिथे खेळणी पुरत नाहीत. काही मिनिटांपासून सुरुवात करून एकटं राहायची सवय हळूहळू लावावी लागते. माती, खडे, भिंतीचा पोपडा खात असेल तर शी तपासून जंत आहेत का पाहा, रक्ताची तपासणी करून घ्या. आणि एकाहून जास्त वेळा उलटी, अन्नावरची वासना गेलेली, शी बंद, पोटाला हात लावू न देणं यातलं काही दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका.