मलावष्टंभ : वेगधारण हा दुर्लक्षित हेतू

‘पोट साफ होत नाही’ ही तक्रार आपणा सर्वांस नित्याची आहे. बहुतेक रुग्ण आपल्याकडे येण्यापूर्वीच औषधालयातून रेचक चूर्ण घेऊन चुकलेले असतात. प्रस्तुत लेखात परभणी जिल्ह्यातील शेतमजूर रुग्णांच्या अनुषंगाने या व्याधीचे हेतू व प्रतिबंध यांचा विचार करीत आहोत.

कापूस वेचणीस जाणारी एक मध्यमवयीन स्त्री आमच्याकडे येत असे. आम्ही तिला रेचक चूर्ण देत राहिलो. तीन महिन्यांत मात्रा दुप्पट झाली, तक्रार मात्र तशीच राहिली. तेव्हा कुठे आम्ही तिचा दिनक्रम विचारला. पहाटे भाकरी थापून ती शेतात जाई. तेथे आडोसा नसल्याने सकाळचा वेग ती अंधार पडेपर्यंत रोखून धरी, आणि लघवीस जावे लागू नये म्हणून पाणीही पीत नसे. हेतू समोर असता आम्ही तो विचारलाच नव्हता.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 7 व्या अध्यायात 13 अधारणीय वेग सांगितले आहेत. पुरीषवेग रोखल्याने पक्वाशयशूल, शिरःशूल, वात व मल यांची अप्रवृत्ती, पिंडिकोद्वेष्टन म्हणजे पोटऱ्यांत वळ येणे आणि आध्मान ही लक्षणे होतात. मल पक्वाशयात जितका अधिक काळ राहतो, तितका त्यातील जलांश शोषला जाऊन तो शुष्क व कठीण होतो. वारंवार वेग रोखल्यास गुदातील संवेदनाही मंदावते.

अन्य हेतू :
1. अल्प जलपान. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42 अंशांपलीकडे जातो, तेव्हा हा हेतू बलवान ठरतो.
2. आहारातील बदल. ‘परभणी मोती’ ज्वारीच्या या जिल्ह्यातही भाकरी व पालेभाजीची जागा मैद्याचे पदार्थ आणि वारंवारचा चहा घेत आहेत.
3. लोह, काही वेदनाशामके आदी औषधे. तसेच थायरॉईडची न्यूनता व मधुमेह.
4. रेचकांचा नित्य वापर.

प्रतिबंध : घर सोडण्यापूर्वी शौचासाठी निश्चित वेळ ठेवावा, उठल्यावर कोष्ण जल घ्यावे, आहारात भाकरी, अंबाडी-मेथीची भाजी, मुगाचे वरण व तूप असावे. वेगधारणजन्य अवस्थेत अभ्यंग, स्वेदन व बस्ती यांची योजना करावी. उपरोक्त रुग्णेस हा दिनक्रम व मात्राबस्ती यांनी काही आठवड्यांत उपशय मिळाला आणि चूर्ण क्रमाने बंद करता आले.

औषध निवडताना शार्ङ्गधरोक्त भेद ध्यानी ठेवावा : हरीतकी अनुलोमन, आरग्वध स्रंसन, कटुकी भेदन, तर त्रिवृत रेचन. अनुलोमनाने कार्य साधत असता रेचनाकडे वळू नये. गर्भिणीस हरीतकी देऊ नये. इसबगोल भरपूर पाण्यासहच घेण्यास सांगावे, अन्यथा तो स्वतःच अवरोध करू शकतो.

औषधालय चालकांस विशेष विनंती. जयपालयुक्त कल्प ई-1 अनुसूचीतील आहेत. ते वैद्यांच्या देखरेखीविना देऊ नयेत. मलातून रक्त, अकारण वजन घटणे, पन्नाशीनंतर नव्याने उद्भवलेला मलावष्टंभ, किंवा वांती व पोटफुगीसह मल-वायूंचा पूर्ण अवरोध आढळल्यास चूर्ण न देता रुग्णास तत्काळ तपासणीस पाठवावे. अशा वेळी दिलेले चूर्ण अर्बुदासारखा व्याधी झाकून ठेवू शकते.

निदानपरिवर्जन हीच प्रथम चिकित्सा होय. पुडी बांधण्यापूर्वी ‘शौचास केव्हा जाता, आणि का जाता येत नाही?’ एवढे विचारण्याचा नियम आपण सर्वांनी पाळावा.