आठ वर्षांचं अंतर : पंडिता रमाबाई आणि 'कृपेने तारण'

आजचे वाचन : इफिसकरांस पत्र 2:8-10 आणि योहान 4:1-42



पुण्याला नोकरीला लागलेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणांना ऑफिसच्या कँटीनमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "तुमचं चर्च नक्की काय मानतं रे?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाकडं काही नसतं. उत्तर दोन मिनिटांत देताही येतं. एकच देव : पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. विश्वास आणि आचरण यांसाठी पवित्र शास्त्राचा शब्द शेवटचा. माणूस पापी आहे आणि स्वतःच्या बळावर त्यातून सुटू शकत नाही. येशू ख्रिस्त आपल्यासाठी वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला आणि पुन्हा येणार आहे. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे. माणसाचा नवा जन्म व्हावा लागतो, आणि ही बातमी आपल्यापुरती ठेवायची नसते. मुंबई, पुणे, सोलापूर, कुठल्याही इव्हँजेलिकल मंडळीत गेलात तरी थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळेल. (बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, यावर आपल्यात मतभेद आहेत. तो विषय आज नको.)

अडचण अशी, की ही यादी शंभर टक्के पाठ असूनही माणूस आतून कोरडा असू शकतो. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे.

सांगोल्याहून रेल्वेने कुर्डुवाडीवरून पुण्याकडे निघालात, की दौंडच्या पुढे केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. शाळेत आपण त्यांच्यावर दोन ओळी वाचतो, समाजसुधारक म्हणून. पण त्यांची श्रद्धेची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे, आणि मला तरी ती जास्त उपयोगी वाटते.

रमाबाई 1858 च्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. हे कुटुंब पुराणं सांगत भारतभर तीर्थयात्रा करत फिरलं. 1874 मध्ये दुष्काळाच्या त्या खडतर काळात आई-वडील दोघंही गेले. पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. लग्न झालं, मुलगी झाली आणि दोन वर्षांतच वैधव्य आलं. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात काही सिस्टर्स, समाजाने टाकून दिलेल्या बायकांना सांभाळत होत्या. ते काम रमाबाईंनी पाहिलं. या बायका हे का करतात, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्याचं उत्तर त्यांना योहान 4 मध्ये, शोमरोनी स्त्रीच्या गोष्टीत सापडलं. त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट इथे संपायला हवी होती ना? संपली नाही. त्रैक्य म्हणजे काय, चर्चचे मतांगीकार जसेच्या तसे का मानायचे, यावर त्यांनी आपल्या गुरुभगिनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून जोरदार वाद घातला. ती पत्रं आज छापील रूपात उपलब्ध आहेत. प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती जरूर वाचावीत.

भारतात परतल्यावर 1889 मध्ये मुंबईत 'शारदा सदन' सुरू झालं. काम जोरात, नाव मोठं. आणि तरीही 1907 मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या स्पष्ट सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं : आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे साल 1891. निमित्त होतं 'फ्रॉम डेथ इंटू लाइफ' हे विल्यम हॅसलमचं आत्मचरित्र. हा हॅसलम कॉर्नवॉलमधला अँग्लिकन पाळक. 1851 मध्ये व्यासपीठावर उभा राहून प्रवचन करता करता, स्वतःच्याच प्रवचनाने त्याचं मनपरिवर्तन झालं!

मग त्या आठ वर्षांत नक्की काय कमी होतं? आकलन म्हणाल, तर असं डोकं आपल्यात कोणाचं आहे? सत्कर्मंही भरपूर होती. कमी होतं ते एवढंच : देवाने आपल्याला आधीच स्वीकारलंय, ख्रिस्ताच्या कामामुळे, आपल्या कामामुळे नाही. बाप्तिस्मा, मंडळीचे नियम, चांगलं वागणं हे सगळं नीट पार पाडलं की मग देव जवळ करेल, ही समजूत 1891 मध्ये गळून पडली.

आपण आयटीवाले या समजुतीत लवकर अडकतो. वर्षभर अप्रेझल, रेटिंग, टार्गेट. तेच डोकं घेऊन आपण प्रार्थनेला बसतो. सोमवारी वचन वाचायचं राहिलं की मंगळवारी देवासमोर जायला ओशाळल्यासारखं होतं. जणू आपला मॅनेजर वाट बघतोय! आणि आठवडाभर सगळं जमलं, की रविवारी उपासनेत मान जरा ताठ. दोन्ही वेळा हिशोब आपल्याच कामाचा, वधस्तंभाचा कुठेच नाही. गावाकडे आई-वडिलांना कृपा पटकन कळते, कारण सांगोल्यासारख्या कमी पावसाच्या तालुक्यात माणूस शेततळं खोदतो, ठिबक बसवतो, पण पाऊस त्याने कमावलेला नसतो. तो पडतो, तेव्हा घ्यायचा असतो.

आता इफिसकरांस पत्र उघडा आणि क्रम बघा. आठव्या-नवव्या वचनात पौल सांगतो की तारण हे दान आहे, कर्मांचं फळ नाही, म्हणजे कोणाला फुशारकी मारायला जागाच उरू नये. आणि लगेच दहाव्यात सांगतो, की आपण सत्कर्मांसाठीच घडवले गेलोय. अनेक जण नवव्यावर थांबतात, काही जण थेट दहाव्यावर उडी मारतात. तिन्ही वचनं एका दमात वाचली पाहिजेत.

"फुकट असेल तर कसंही वागायला मोकळे!" हा आक्षेप जुनाच आहे, रोमकरांस 6 मध्ये पौलानेच तो घेतलाय. पण 1891 नंतरच्या रमाबाई बघा. 1893 मध्ये शारदा सदनातल्या धर्मप्रभावावरून पुण्यात मोठं वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या डगमगल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका त्यांनी आणल्या. 1900 च्या सुमारास केडगावात दीड हजारांच्या आसपास माणसं राहत होती. दुष्काळात आई-बाप गमावलेल्या बाईने हे केलं. शिवाय हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईला समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचं भाषांतर केलं आणि 1922 मध्ये मृत्यूच्या थोडं आधी ते पूर्ण केलं. रेटिंगसाठी काम करणारा माणूस इतकं ओढू शकत नाही, असं मला वाटतं. तो मधेच थकतो, नाहीतर कडवट होतो.

एक गोष्ट मात्र सांभाळून. आपल्याकडे काही जण विचारतात, "तुझा नवा जन्म कोणत्या तारखेला झाला?" तारीख सांगता आली नाही की पोरं घाबरतात. शास्त्र तारीख मागत नाही. रमाबाईंची पहिली आठ वर्षंही मी खोटी म्हणणार नाही, शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना तेव्हाच भिडली होती. आज तुमचा भरवसा कोणावर आहे, एवढंच तपासा.

आज रात्री योहान 4 सावकाश वाचा. येशू त्या बाईशी काय बोलतो यापेक्षा कोणत्या क्रमाने बोलतो, ते पेन्सिलने खूण करत बघा. तिचं आयुष्य त्याला आधीपासून माहीत आहे, तरी जिवंत पाण्याची गोष्ट तो आधी काढतो, नवऱ्याचा विषय नंतर.

उद्या याकोब 2 घेऊ. तिथे याकोब पौलाशी भांडतोय की काय, असं वाटतं. दोघांना शेजारी बसवून वाचू.