परिषदेला जोडून मुन्नार

प्रश्न : फेब्रुवारीत कोचीला कंपनीची परिषद आहे. पुढे तीन दिवस पत्नीसह मुन्नारला जावंसं वाटतं. पण तिकीट कंपनीचं. परतीची तारीख बदलणं गैर ठरेल ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच नाही. रजा मंजूर करून घ्या, भाड्यातला फरक स्वतः भरा आणि तिकीट निघण्याआधीच लेखी परवानगी मागा. परिषदेनंतरची बिलं मात्र वेगळी ठेवा.

मुन्नार सुमारे १३० किलोमीटर, पण घाटामुळे चार-पाच तास मोडतात. म्हणून शेवटची रात्र कोचीतच काढा. मुन्नारजवळचं एरविकुलम उद्यान नीलगिरी ताहरच्या विणीसाठी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद असतं. त्यावर बेत बांधू नका. चहाचे हिरवेगार मळे आहेतच! वहिनींना घाट लागत असेल, तर सरळ अलप्पुळाच्या बॅकवॉटर्सला जा. रस्ता सपाट, दोनेक तासांचा.