साठवणुकीतील भात आणि धुरीकरणाचे भान

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील कुंभकोणम परिसरात कुरुवै हंगामाची भातकापणी बहुधा ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर येते. पुरेसे न वाळलेले भात कोठारात गेले, की सोंडे व दाणे पोखरणारे लहान भुंगेरे यांचे फावते. त्यांच्या अळ्या दाण्याच्या आतच वाढतात. पोत्यांवर फवारलेले कीटकनाशक तेथवर पोहोचत नाही.

पोहोचतो तो फॉस्फिन वायू. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची 3 ग्रॅमची गोळी हवेतील ओलाव्याने विघटित होऊन सुमारे 1 ग्रॅम फॉस्फिन देते. हाच वायू फटींतून शेजारच्या खोलीत झिरपून माणसांचाही जीव घेतो आणि त्यावर उतारा नाही. राहत्या घरात ही गोळी सर्वथा वर्ज्य होय. धुरीकरण परवानाधारक कीडनियंत्रण सेवेकडूनच करून घ्यावे, आणि परवाना आधी डोळ्यांनी पाहावा. येथे भीड उपयोगाची नाही.

वायुरोधक आच्छादनाच्या कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबून ते निदान 5 ते 7 दिवस राखावे लागते. दोन दिवसांत उरकलेल्या, गळक्या धुरीकरणातून वाचलेले भुंगेरेच पुढे प्रतिकारक्षम पिढी घडवतात.

घरगुती साठ्यासाठी भात 12 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून तमिळनाडू कृषी विद्यापीठाने विकसित केलेला सच्छिद्र नळीचा सापळा धान्यात खोचावा. त्यात पहिला कीटक सापडताच धान्य पुन्हा उन्हात घालावे.