मोठी बॅटरी विकण्याआधी मल्टिमीटर लावा

व्हिडिओत आपण बाईकची बॅटरी बदलून पाहिली, पण त्यामागचा हिशोब सांगायचा राहिला. बॅटरीचं दुकान, स्पेअर पार्ट किंवा छोटं गॅरेज टाकायचा विचार असेल, तर आजचा धडा वहीत उतरवून घ्या. हा धडा मी स्वतःच्या खिशातून फी भरून शिकलोय.

दुकान टाकून वर्षही झालं नव्हतं. एक दूधवाले काका आले. दीडशे सीसीची जुनी गाडी, ९ एएचची बॅटरी. म्हणाले, "सेल्फ लागत नाही, जरा मोठी बॅटरी टाक." बीबीए झालेलं, डोक्यात अपसेलिंग भिनलेलं! मी १२ एएचची बॅटरी काढली, ट्रेची पट्टी थोडी वाकवून बसवली आणि बिल फाडलं. गिऱ्हाईक खूश, मी त्याहून खूश.

तीन आठवड्यांनी काकांनी तीच बॅटरी काउंटरवर ठेवली. "बॅटरी दिलीस रे, पण पहाटे साडेचारला गाडी ढकलायला तू नव्हतास." त्या दिवशी त्यांचा अर्धा रतीब चुकला होता.

वॉरंटी क्लेम नाकारला गेला, आणि बरोबरच होतं. बॅटरीत दोष नव्हता, ती पूर्ण उतरली होती. मग मी गाडी तपासली, जे आधी करायला हवं होतं. रेस दिली तरी व्होल्टेज १२.७ च्या वर जाईना. आरआर युनिट गेलेलं. वर काकांनी २० वॅटच्या दोन एलईडी लाइट लावलेल्या. म्हणजे जवळपास ३ अँपिअरचा जादा भार.

मित्रांनो, एक गोष्ट पक्की समजून घ्या. बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी आणि मॅग्नेट कॉइल म्हणजे नळ. नळालाच धार नसेल तर मोठी टाकी बसवून काय उपयोग?

विकण्याआधी चार रीडिंग

१. गाडी बंद असताना: गाडी काही तास उभी असेल तर चांगली चार्ज असलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मग निकाल द्या.

२. सेल्फ मारताना: चार्ज केलेली बॅटरी साधारण ९.६ च्या खाली कोसळत असेल तर तिचा दम संपलाय. मात्र टर्मिनल सैल किंवा गंजलेलं नाही ना, सेल्फ मोटर जाम नाही ना, हेही बघा.

३. इंजिन चालू, हेडलाइट लावून, मध्यम रेसवर: साधारण १३.५ ते १४.५ हवेत. १३ च्या खाली असेल तर कॉइल, आरआर युनिट, वायरिंग तपासा. १५ च्या वर गेलं तर आरआर युनिटवर संशय घ्या. असं ओव्हरचार्जिंग नवी बॅटरीही खराब करतं.

४. चावी बंद करून गळती: निगेटिव्ह वायर काढून मधे मीटर अँपिअरवर जोडा. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नका. अलार्म किंवा जीपीएस ५० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला १.२ एएच गेले. ९ एएचची बॅटरी आठवड्यात रिकामी!

चार्जिंग सिस्टिमवर आज भारही वाढलाय. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळतोच. बीएस-६ च्या बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आहे, त्यामुळे पंप आणि ईसीयूलाही नीट व्होल्टेज लागतं.

मग अपग्रेड कोणतं द्यायचं?

पाणी घालायच्या बॅटरीऐवजी त्याच मापाची, टर्मिनल त्याच बाजूला असलेली एजीएम मेंटेनन्स-फ्री बॅटरी हा बहुतेक गिऱ्हाइकांसाठी सरळ मार्ग. लिथियम आयर्न फॉस्फेट वजनाला खूप हलकी, पण महाग. चार्जिंग साधारण १४.६ च्या वर जात असेल तर ती देऊच नका. आणि तिला त्याच प्रकारचा चार्जर लागतो, हे गिऱ्हाइकाला सांगा.

बसवताना आधी निगेटिव्ह काढा, जोडताना तो शेवटी. नाहीतर पॉझिटिव्ह सोडताना पाना चेसिसला लागला की शॉर्ट! ॲसिड भरून दिलेल्या नव्या बॅटरीला कंपनीने सांगितलेलं पहिलं चार्जिंग द्या. साधा नियम, एएचच्या दहावा भाग करंट, म्हणजे ९ एएचला ०.९ अँपिअर. गर्दीच्या वेळी हेच टाळलं जातं.

आता गल्ल्याचा हिशोब

समजा बॅटरी तुम्हाला १,२०० ला पडली आणि १,५०० ला विकली. सुटले ३०० रुपये. वॉरंटीत न बसणारी एक बॅटरी पदरची द्यावी लागली, तर चार बॅटऱ्यांचा नफा गेला. तुटलेलं गिऱ्हाईक वेगळंच. तपासणीला लागतात दहा-पंधरा मिनिटं. तिचे ५० रुपये घ्या किंवा फुकट करा, पण चारही रीडिंग बिलावर लिहून गिऱ्हाइकाची सही घ्या. दोष चार्जिंगचा असेल तर सरळ सांगा, "आज बॅटरी घेऊ नका, आधी हे काम करा." त्या दिवशी विक्री जाईल, पण माणूस परत येईल.

जुनी बॅटरी भंगारात फोडायला देऊ नका. त्यात शिसं आणि ॲसिड असतं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती अधिकृत रिसायकलिंगकडेच गेली पाहिजे. एक्स्चेंजमध्ये घ्या आणि डीलरकडे परत करा.

काकांना योग्य मापाची दुसरी बॅटरी मी माझ्या खर्चाने दिली, आरआर युनिटचे पैसे त्यांनी दिले. पुढे त्यांनीच गावातली आणखी दोन दूधवाल्यांची गाडी माझ्याकडे पाठवली. दोघांनी आल्याआल्या एकच विचारलं, "ते मीटर लावून बघता ना?"

गृहपाठ: या रविवारी मल्टिमीटर घेऊन घरच्या किंवा शेजारच्या तीन गाड्यांची पहिली तीन रीडिंग वहीत लिहा. कुठल्या गाडीला खरंच बॅटरी हवी आहे, ते ठरवा. दुकानाचं शटर त्यानंतर उघडा.