माझा सर्वांत गाजलेला पेपर

माझ्या नावावरच्या पेपरांपैकी ज्याला सर्वांत जास्त सायटेशन आहेत, तो चुकीचा आहे. बढतीच्या मुलाखतीत समितीने त्याचेच कौतुक केले होते. तेव्हा मला काही ठाऊक नव्हते, त्यामुळे मीही खुशीत होते.

पीएच.डी.च्या दिवसांत शेजारच्या लॅबमधून चँग लिव्हर पेशींचा एक फ्लास्क मागून आणला. वर मार्करने लिहिलेले नाव, पॅसेज नंबर पुसलेला. निरोगी यकृताच्या पेशी म्हणून सगळे त्याच वापरत. वाढायच्या अशा की शुक्रवारी स्प्लिट करून गावी जावे, तर सोमवारी फ्लास्क तुडुंब आणि मीडियम पिवळे. मला त्याचे कौतुकच वाटे. यकृताची निरोगी पेशी पावसाळ्यातल्या तणासारखी का माजते, हे एकदाही मनात आले नाही. औषध दिल्यावर वेस्टर्न ब्लॉटमध्ये पी-५३ प्रथिनाची पट्टी फिकट यायची. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, यातच काहीतरी आहे. निरोगी यकृत पी-५३च्या मदतीवाचून ताण सोसते, असा ऐटबाज निष्कर्ष आम्ही काढला आणि पेपर त्यावरच गाजला.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या विद्यार्थिनीने त्याच पेशींची एसटीआर, म्हणजे डीएनएवरून ओळख पटवणारी तपासणी करून घेतली. रिपोर्ट टेबलावर ठेवत म्हणाली, ‘‘मॅडम, हे लिव्हर नाहीच. हेला आहे.’’

हेला म्हणजे १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशी. त्यांच्या जनुकसंचात पॅपिलोमा विषाणूच्या १८ क्रमांकाच्या प्रकाराचा तुकडा बसलेला असतो आणि त्याचे ई-६ प्रथिन पी-५३चा फडशा पाडते. पट्टी फिकट यायचे कारण हे! स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६ मध्येच दाखवले होते की वेगवेगळ्या नावांनी फिरणाऱ्या कितीतरी सेल लाइन मुळात हेलाच आहेत. म्हणजे माझ्या जन्माआधी लागलेली ठेच मला पुन्हा लागली.

एक रविवार मी मला साइट करणारे पेपर उघडून बसले. बहुतेकांनी प्रस्तावनेत एका वाक्यापुरते आमचे नाव घेतले होते. प्रयोग कोणी पुन्हा केलेला दिसला नाही. ज्यांनी केल्यासारखा वाटला, त्यांच्याही पेशी चँग लिव्हरच! चुकीच्या ओळखीच्या पेशींवर बेतलेले ३२ हजारांहून अधिक पेपर असल्याची मोजदाद २०१७ मध्ये दोन डच संशोधकांनी केली. त्या ढिगात आमचाही असणार.

म्हणून नव्याने लॅबमध्ये येणाऱ्यांना सांगते. मैत्रीखात्यातला फ्लास्क घेऊ नका. पुण्याच्या एनसीसीएससारख्या पेशीभांडारातून कागदपत्रांसह पेशी घ्या, आल्या आल्या सुरुवातीच्या पॅसेजच्या कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये टाका आणि प्रयोगाआधी एकदा, पेपर पाठवण्याआधी पुन्हा एकदा एसटीआर करा. आयक्लॅक या समितीची चुकीच्या सेल लाइनची यादी मोफत पाहता येते. चँग लिव्हर तिच्यात आहे. मला ती बघायला पाच मिनिटे लागली असती. आणि पेशी फारच गुणी वागू लागल्या तर संशय घ्या.

आकड्यांचे म्हणाल तर, २००५ मध्ये हिर्श यांनी मांडलेल्या एच-इंडेक्सची एक गंमत आहे. दहा पेपरांना किमान दहा-दहा सायटेशन असली की तुमचा एच दहा. मग त्यातल्या एकाला हजार असली तरी दहाच. मी तो पेपर हिशेबातून वगळून पाहिला. एच जेमतेम एकाने उतरला, एकूण सायटेशन मात्र निम्म्यावर आली. नियतकालिकांचा इम्पॅक्ट फॅक्टर पाहून माणसे जोखू नका, असे सॅन फ्रान्सिस्कोचा जो जाहीरनामा सांगतो, त्याची सुरुवात २०१२ मध्ये पेशीशास्त्रज्ञांच्याच अधिवेशनात झाली. आपल्याकडच्या बढतीच्या फॉर्मांतले रकाने अजून तसेच आहेत.

संपादकांना मीच पत्र लिहिले. ते पाठवायला मला तीन आठवडे लागले. सर काय म्हणतील याचीच धास्ती जास्त होती. सरांनी फोनवर एवढेच विचारले, ‘‘तो फ्लास्क आणला कोणी होता?’’ मी म्हटले, ‘‘मीच, सर.’’ पेपर मागे घेतल्याची सूचना छापून आली. त्यानंतरही त्याला सायटेशन मिळतच आहेत. बायोडेटात मी तो ठेवला आहे, पुढे कंसात ‘मागे घेतलेला’ असे लिहून.