केसपेपरपासून मंत्रालयापर्यंत

पोरी, कान-नाक-घशाची डॉक्टर होऊन तू सोलापुरात दवाखाना थाटलास, आनंद झाला. निरोगी तोंडात तीन बोटं उभी मावतात. तुझ्याकडे विशीतली पोरं येतील, त्यांच्या तोंडात एक बोट जायची मारामार असेल. गुटख्या-माव्याने गाल आतून चामड्यासारखे ताठलेले. ऑपरेशन तू करशीलच, पण जे तोंडात दिसतं ते सरकारदरबारी सांगणं हेही आपलंच काम. म्हणून एवढं गाठीशी बांध.

नोंद ठेव. केसपेपरवर नुसतं ‘तंबाखू: हो’ लिहून भागत नाही. काय खातो, कितव्या वर्षापासून, पुडी कुठे मिळते, हे रोजच्या रोज लिही. वर्षाअखेर नावं गाळून आकडे काढ.

कायदा वाचून जा. राज्याने २००२ साली घातलेली गुटखाबंदी २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात टिकली नाही. २०१२ची बंदी अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारावर आली. अन्नात तंबाखू किंवा निकोटिन नको, असा त्याखाली नियमच आहे. मात्र अन्नसुरक्षा आयुक्तांचा बंदीचा आदेश वर्षभरापुरता असतो. नवा निघाला का, दरसाल बघ.

रुग्णाला बोलू दे. टाटा मेमोरियलच्या डॉ. पंकज चतुर्वेदींनी कर्करोगाचे रुग्णच नेत्यांसमोर उभे केले. तूही ने, पण त्याची मर्जी विचारून. त्याला तमाशा वाटेल असं काही करू नकोस.

तंबाखूविरुद्ध काही मागण्याआधी, तंबाखूवरच पोट असलेल्या विडी कामगार बायकांना भेट. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं आहेत, ती विडी कामगारांसाठी बांधलेली. तंबाखूची धूळ त्या बायकांच्याही छातीत जाते. त्यांना आरोपी करू नकोस. त्यांच्या युनियनशी बोल आणि पर्यायी रोजगाराची मागणी निवेदनात वरच लिही. नाहीतर आपण एकाचा घसा वाचवताना दुसऱ्याची चूल विझवू.

निवेदन एका पानाचं, मागणी नेमकी. छापे हवेत तर अन्न व औषध प्रशासन, तपासणी शिबिरांना निधी हवा तर जिल्हा नियोजन समिती. एकटीच्या सहीपेक्षा आयएमएच्या लेटरहेडला वजन असतं. पोच घेतल्याशिवाय कचेरीबाहेर पडू नकोस. साहेबांची बदली झाली, तर नव्या साहेबांना पहिल्याच आठवड्यात तीच पोच दाखव.

आणि दम धर. २००२ची बंदी पडली, तरी मागणी करणारे गप्प बसले नाहीत, म्हणून २०१२ उजाडलं.